बाजा बदलला

गाणं बदललं की आपले लोक आधी आवाज ऐकतात, मग नाक मुरडतात. शब्द ऐकायचे राहूनच जातात. शीतल साठे आणि सचिन माळी यांच्या 'नवयान महाजलसा'चं हेच झालं. डफावर थाप मारून रस्त्यावर गाणारी माणसं लोकगीतात रॅप आणि रॉक मिसळायला लागली. "ही कसली शाहिरी?" दिवा-रोहा गाडीत, पेण ते रोहा एवढ्या वाटेत, एकाच डब्यात मी हे चार तोंडांतून ऐकलंय. चौघांपैकी एकानंही अख्खं गाणं ऐकलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ही माणसं कोण? २००२ च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला, त्यातली. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) मध्ये शीतलचा तो मोकळ्या गळ्याचा, वर चढत जाणारा आवाज ज्यानं ऐकलाय तो विसरणार नाही. नक्षलवादी असल्याचा आरोप आला. २ एप्रिल २०१३ रोजी दोघं विधानभवनासमोर गाणी म्हणत पोलिसांच्या हवाली झाले. शीतल गरोदर होती, तिला त्याच वर्षी जामीन मिळाला. सचिनला मिळाला २०१७ च्या जानेवारीत, तोही थेट सुप्रीम कोर्टात. पावणेचार वर्षं. एवढं भोगून आलेल्या माणसानं जुन्याच चालीत गावं असा हट्ट आपण कुठल्या तोंडानं धरायचा? त्यांनी स्वतःचा जलसा काढला. त्यातला बाजा त्यांचा त्यांनी ठरवला.

आणि आपला बाजा कधी बदलला नव्हता? भीमराव कर्डकांसारख्यांनी १९३० च्या दशकात जलसे उभे केले ते तमाशाच्याच साच्यातून. पण गणातला गणपती काढला, गवळणीतली छेडछाड काढली, आणि त्या जागी पाणवठा, शाळा, मेलेलं ढोर न ओढण्याची शपथ आणून बसवली. मग वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ ला जन्मलेला, मोठेपणी अक्षर शिकलेला माणूस हजारो गाणी लिहून गेला. मग कव्वालीचा जमाना आला. पेटी, ढोलक, टाळी, रात्र-रात्र सामने. सिनेमाच्या चालीसुद्धा आपण बिनदिक्कत घेतल्या. त्याही वेळी कुणीतरी म्हातारा म्हणालाच असेल, ही कसली शाहिरी म्हणून.

पेणमध्ये तर गंमतच आहे. १४ एप्रिलला आमच्या वाड्यात प्रल्हाद शिंदेंचा आवाज लागतो. भाद्रपदात, गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती निघायला लागल्या की गल्लोगल्ली तोच आवाज. गळा एकच. जात विचारायची कुणाला सुचत नाही, कारण गळा स्पीकरमधून येतो, दारात उभा राहत नाही.

आता घरचं सांगतो. आज्याकडं खालूबाजा होता, रोह्याकडच्या खेड्यात. ढोल, टिमकी, सनई, झांज. पालखी निघाली, कुणा मोठ्या घरचं लगीन निघालं की आमच्या माणसांनी पुढं वाजवत जायचं. देवळाच्या पायरीला हात लावायचा नाय, पण आमच्या ढोलाशिवाय देव जागचा हलायचा नाय. मजुरी म्हणजे सुपातलं भात आणि वरून टाकलेलं जेवण. १९५६ ला धर्म बदलला. आज्यानं ढोल खांद्यावरून उतरवला तो कायमचा. गावानं बोलणं टाकलं, गुरं रानात जाऊ दिली नायत. ढोलाचं कातडं माळ्यावर वाळून तडकलं. म्हणून आमच्या घरात तो ठेका म्हणजे नुसता ठेका नाय. ते वेठीचं माप हाय.

आणि पुतण्यानं नेमका तोच उचलला.

पोरगा धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी आहे. रातपाळी करतो, दिवसा मोबाईलवर गाणी जुळवतो. आधी तोही पेटी-ढोलकीवर कव्वालीच्या ढंगानं म्हणायचा, लोक डोलायचे. यंदा त्यानं सगळं मोडलं. लांबच्या गावात एक जुना वाजवणारा गाठला, खालूबाजा रेकॉर्ड करून आणला आणि त्यावर रॅप घातला. गाण्यात गेटपास आहे, ठेकेदाराच्या वहीतलं नाव आहे, कुंडलिकेचं पाणी आहे. स्वतःच यूट्यूबवर टाकलं.

तात्या, म्हणजे माझा थोरला चुलता, ऐंशीच्या घरातला. आज्याबरोबर लहानपणी टिमकी घेऊन चाललेला. ऐकून भडकला. "माझ्या बापानं गावाशी वैर घेऊन जे टाकलं, ते तू कानात घालून परत घरात आनलंस?"

पोरगा म्हणाला, "आजा, तवा वाजवनारे आपण, गानं त्यांचं. आता गानं पन आपलंच हाय."

मला दोघांचंही पटतं, पण कौल मागितला तर मी पोराकडं. फेकून दिलेली वस्तू आपली होती की लादलेली, हे फेकणाऱ्याच्या नातवानंच तपासायचं. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच्या गाण्यात खालचा धडधडाट एवढा चढलाय की गेटपासचं कडवं बुडून जातं. जयंतीच्या ट्रकवरच्या डीजेनं आधीच आपल्याला बहिरं केलंय. जलशात माणूस मांडी घालून बसायचा, शब्द कानात पडायचा, दुसऱ्या दिवशी तोच शब्द पाणवठ्यावर जायचा. नवयानच्या बाजात मला हेच आवडतं की कितीही वाद्यं आली तरी शीतलचा गळा वरच राहतो. हे पोराला सांगितलं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण दोन दिवसांनी आवाज खाली केलेलं गाणं पाठवलं.

जयंतीच्या कार्यक्रमात त्याला दहा मिनिटं द्यायची की नाय, यावर बैठक झाली. तात्या म्हणाला, आधी बाजाशिवाय म्हण. पोरानं ओटीवर उभं राहून नुसते शब्द म्हटले. तात्या डोळे मिटून ऐकत होता. वहीतल्या नावाचं कडवं संपलं तसं त्यानं बोटांची पेरं बाकावर आपटली. "टिमकी तू चुकीची घेतलीस. ती ढोलाच्या मागनं येत नाय, आधी पडते. अशी."

परवानगी अजून दिलेली नाय.