फिल्टर संपला हे कोण सांगणार?

टेस्टिंग हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे फिल्टर पाहिला की पहिला प्रश्न पडतो: हा बंद पडल्यावर कळणार कसं?

२००९ साली टाटांचा 'स्वच्छ' आला. त्याच्यामागचं बरंच संशोधन आपल्या हडपसरच्या टीआरडीडीसीतलं. तांदळाच्या तुसाची राख, तिच्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण. मला आवडली ती वेगळीच युक्ती. साधारण ३००० लिटर झाले की बल्ब पाणीच बंद करायचा. संपलो म्हणजे संपलो!

तो होता जंतूंसाठी. पश्चिम बंगालातल्या गावांना छळणारं आर्सेनिक त्याहून लबाड. ना रंग, ना वास, ना चव. गंजासारखी लोहसंयुगं त्याला धरून ठेवतात खरी, पण पाण्यातलं फॉस्फेट आणि सिलिकाही त्याच जागा अडवतात. म्हणजे प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात आर्सेनिक कालवून पास झालेला फिल्टर गावच्या हापशावर लवकर थकू शकतो. पाणी मात्र तसंच नितळ! मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, डोळ्यांना काय दिसणार?

म्हणून चाचणी त्याच हापशाच्या पाण्यावर, आणि फिल्टर थकेपर्यंत व्हायला हवी. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे आपल्या ऑफिसात खपून जातं हो. तिथे ते पाणी पोरं पितात.