धर्मादाय

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी दोन वह्या मांडतात. एक घरच्या हिशेबाची, दुसरी धर्मादायाची. पहिल्या वहीत लक्ष्मी येते आणि जाते. दुसरीतून ती नुसतीच जाते. त्यामुळे लहानपणी मला ही दुसरी वही फार उदार वाटे, आणि तिच्यावर हळदकुंकू वाहताना आपणही थोडेसे उदार आहोत असा भास होई. तो भास चांगला पन्नास वर्षे टिकला. यंदा तो मोडला, आणि मोडला तोही वाळवीमुळे.

हिंगणघाटला माझ्या आजोबांची कापसाची अडत होती. १९७२ साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि अडतीची गादी उठली. गादी उठली तरी धर्मादाय खात्यावर काही रक्कम उरली होती. आजोबांनी तीत पदरची भर घातली आणि रीतसर नोंदणी करून तिचा विश्वस्त निधी केला. नाव भारदस्त आहे. पण निधीचे वर्षाचे व्याज आजकालच्या एखाद्या बऱ्यापैकी लग्नात एका संध्याकाळच्या जेवणालाही पुरायचे नाही. आत्या, थोरले बंधू आणि मी असे तिघे विश्वस्त.

यंदा पावसाळ्यात जुन्या वहीला वाळवी लागली, आणि उरली-सुरली पाने नव्या वहीत उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे आले. एकेक नोंद केव्हातरी सुटी वाचणे निराळे आणि तीस वर्षांच्या नोंदी चार दिवसांत सलग लिहिणे निराळे. माणसाचे हस्ताक्षर जसे एका अक्षरावरून कळत नाही, पानभर लिहिले की कळते, तसेच दानाचेही आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आमच्या घराण्याचे हस्ताक्षर दिसू लागले.

देवळाच्या सभामंडपाला अमुक, व्याख्यानमालेला तमुक, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या ढालींना एवढे, दवाखान्यातल्या बाकांना तेवढे. ज्या वस्तूवर नाव लिहिता येते तिच्यासाठी आमचा हात चटकन सुटतो. भिंतीवरची घड्याळे तर आम्ही गावभर दिली आहेत. त्यांतली निम्मी बंद आहेत; पण खालचे आजोबांचे नाव चालू आहे. मागायला आलेले बहुतेक सगळे आमच्या ओळखीचे, म्हणजे ज्यांना चहा विचारावा लागतो असे. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट अशी, की आमच्या अंतःकरणाला पाझर फुटतो तो बहुधा मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात. आयकराची सूट हवी, तर उत्पन्नातले शेकडा ८५ रुपये धर्मकार्यात खर्च दाखवावे लागतात. करुणेला अशी तारीख लागते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

वही उतरवताना एक नोंद मला आठवत होती, आणि ती वहीत नव्हती. गेल्या वर्षी आषाढात जवळच्या खेड्यातली एक बाई आली होती. नवरा वारलेला, कसा, ते तिने सांगितले नाही आणि आमच्या जिल्ह्यात ते विचारावे लागत नाही. मुलगी बारावी झालेली, तिला नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायचे होते. मी तिला आमचा नियम सांगितला, की अर्ज संस्थेमार्फत यावा. ती जरा थांबून म्हणाली, “भाऊ, माही पोरगी तं एकटीच हाये. तिची संस्था कुठून आणू?” मी हसलो. मला वाटले, बाई भाबडी आहे. ती गेली, आणि त्याच महिन्यात आम्ही एका सभागृहाला चार पंखे दिले. पंख्यांची नोंद वहीत आहे.

वही अर्धी झाली असताना निधीच्याच कामासाठी मला वर्ध्याला जावे लागले. काम लवकर आटोपले, एस.टी.ला अवकाश होता, म्हणून पाय मोकळे करायला निघालो तो लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी आलो. हे देऊळ बजाज घराण्याचे. १९२८ च्या जुलैत जमनालालजींनी ते, त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांना खुले केले. या देवळात मी लहानपणापासून आलो आहे. पण त्या दिवशी पायरीवर बसलो आणि मनात आले, की हेही दानच होते की! पावती नाही, पाटी नाही, आणि किंमत मात्र रोकडी. सनातन्यांचा रोष पदरी घेऊन ती चुकवावी लागली.

जमनालालजींचे दान म्हटले की लोक लाखांचे आकडे सांगतात. त्यांना स्वतःला शंभराचा एक आकडा अधिक प्रिय होता. राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यात १८८९ साली जन्मलेला हा मुलगा वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी नातू म्हणून दत्तक आला. रोज एक रुपया हातखर्च मिळे. सोळा-सतरा वर्षांचे असताना टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती नागपूरहून निघणार असे त्यांनी वाचले, आणि साठवलेल्या रुपयांतले शंभर पाठवून दिले. पुढे लाख दिले तरी त्या शंभरांचा आनंद पुन्हा मिळाला नाही, असे ते सांगत. त्याच सुमारास बच्छराजजी रागाच्या भरात संपत्तीवरून काही बोलले, तेव्हा या पोराने सगळ्या इस्टेटीवरचा हक्क सोडत असल्याचे पत्र लिहिले आणि घर सोडले. समजूत घालून त्यांना परत आणले. पण मला वाटते, परत आला तो धनी नव्हे, राखणदार. एकदा मनाने सोडलेले धन माणूस पुन्हा पहिल्यासारखे घट्ट धरू शकत नाही.

मी त्यांची वही मनातल्या मनात आमच्या वहीशेजारी मांडून पाहिली. गांधीजींच्या मागे लागून त्यांनी वर्ध्याला आश्रम आणवला, आणि १९२१ साली विनोबा आले. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा आपली बाग आणि तिच्यातले घर त्यांनी देऊन टाकले; तीच मगनवाडी. तिथे कुमारप्पा बसले. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगावला राहायला गेले. तिथे जमनालालजींची जमीन होती. तेच पुढे सेवाग्राम झाले. १९३७ ची शिक्षणपरिषद, जिच्यातून नई तालीम निघाली, ती त्यांनी जोपासलेल्या शाळेत भरली. १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती ढासळली, तर धाम नदीकाठचा पवनारचा बंगला त्यांना मोकळा करून दिला.

किती सरळ हस्ताक्षर! आम्ही आधी वस्तू ठरवतो आणि मग ती ठेवायला जागा शोधतो. यांनी आधी माणूस शोधला, त्याला काय हवे ते पाहिले, आणि ते आपल्या घरात असेल तर घरातून काढून दिले. बाहेरगावी त्यांनी दिले नाही असे नाही. पण ही एवढी दाने वर्ध्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरात आहेत. दिल्यावर ते रोज डोळ्यांसमोर राही. चुकले तर तेही दिसे.

श्रीमंतांनी विश्वस्त व्हावे हा विचार सोयीचा आहे, त्यात तिजोरीची किल्ली श्रीमंताकडेच राहते, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. पण १९४२ च्या फेब्रुवारीत जमनालालजी गेले, त्यानंतर गांधीजींनी लिहिले, की विश्वस्तांविषयी लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे मुख्यतः हाच माणूस असे. मागे राहिलेल्या जानकीदेवींनी गोसेवा पत्करली, आणि पुढे भूदानाच्या दिवसांत त्या लोकांकडे विहिरी मागत हिंडल्या. भूदान, तसे कूपदान. जमीन मिळाली तरी पाण्यावाचून तिचे काय करायचे, हे त्या माउलीला दिसले.

घरी येऊन मी हे सगळे आत्याला सांगितले. म्हटले, “ते मोठे लोक. आपण आपले चार पैसे देतो, तेही काही थोडे नाही.”

आत्या वाती वळत होती. तिने वर न पाहताच विचारले, “अरे, पण ते पैसे आपले होते कुठे?”

मग तिने कपाटातून आजोबांच्या वेळची एक हिशेबपट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. शेतकऱ्याचा कापूस विकला, की त्याच्या हातात जी पट्टी पडे, तीत खाली वजावटी असत. अडत, हमाली, तोलाई, आणि शेवटी धर्मादाय. दर गाडीमागे काही पैसे. बाजारातली ही जुनी चाल, सगळेच कापत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात तर स्पष्टच म्हटले आहे, की व्यापाराच्या चालीने असा जो धर्मादाय घेतला जातो, त्याचा व्यापारी हा मालक नसून विश्वस्त आहे.

मी ती पट्टी हातात धरून बसलो. म्हणजे आमच्या औदार्याचा मूळ झरा कापसाच्या गाडीत होता! गाडीवाल्याला कुणी विचारले नव्हते. त्याच्या पट्टीतून कापून घेतले होते. आणि तीस वर्षांच्या वहीत देवळे होती, ढाली होती, घड्याळे होती, पंखे होते. एका कापूसवाल्याचे घर मात्र नव्हते. एक आले होते दारात, तर त्याच्याकडे मी संस्थेचे पत्र मागितले.

चार दिवसांनी आत्या आणि मी एस.टी.ने त्या खेड्यात गेलो. कापसाची वेचणी चालू होती. मायलेकी दुसऱ्याच्या वावरात होत्या. निरोप गेला तशा कमरेच्या ओट्या तशाच घेऊन आल्या. मुलीचे एक वर्ष गेले होते. यंदाचे प्रवेशही होऊन गेले होते. आता पुढच्या वर्षी. आत्याने मुलीला जवळ बसवून गुण किती, वसतिगृह कुठले, महिन्याला किती लागतील, असे सगळे विचारले. बाईने काळा चहा केला. कप माझ्या हातात देताना ती म्हणाली, “आता संस्था नाई लागत का, भाऊ?”

तिने ते टोचून विचारले नव्हते. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

“नाही लागत,” मी म्हटले.

या लक्ष्मीपूजनाला नवी वही मांडायची आहे. पहिली ओळ मी आताच लिहून ठेवली आहे. आजोबांपासून आमच्याकडे रकमेपुढे ‘दिले’ असे लिहितात. मी ‘परत केले’ असे लिहिले आहे. बंधूंनी भुवया उंचावल्या. आणि मार्चमध्ये हिशेबनीस तो शब्द बहुधा बदलायलाही लावतील.