एकाच फळीवरच्या दोन बाटल्या

खारेपाटणला आमच्या घरी मुलीने गिनी पिगची जोडी पाळली आहे. माणसाप्रमाणेच यांच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून त्याचे थेंब देतो. एका रात्री लाईट गेलेली असताना आम्ही चुकून मुलीचे अमॉक्सिसिलिन एकाला पाजले. हे औषध त्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारते. जीवही जाऊ शकतो. चूक लपवावीशी वाटली, पण मुलीकडे पाहवेना. औषधाचे नाव, मात्रा, वेळ लिहून लगेच पशुवैद्यांना फोन केला. गिनी पिगला ओकारी होत नाही, म्हणून घरगुती उपाय टाळले. चारा, लेंड्यांवर नजर ठेवली. सकाळी दवाखाना गाठला. जीव वाचला. आता जनावरांच्या औषधांचा डबा वेगळा, वर मराठीत नाव. बंधू-भगिनींनो, चूक होते. सांगायला उशीर करू नका.