शंभर फुटांचा एक दिवस

मार्चमध्ये अ‍ॅपलाचियन ट्रेलवर निघणाऱ्याच्या फोनमध्ये हवामानाचा अंदाज असतो, पण तो पायथ्याच्या गावाचा. अमेरिकेतली ही जॉर्जिया ते मेन अशी वाट मात्र जाते धारेवरून. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, आणि वाऱ्याचा हिशेब त्यात धरलेलाच नसतो.

*

हॉपकिन्स हा वेस्ट व्हर्जिनियाचा कीटकशास्त्रज्ञ. १९१८ साली त्यानं एक ठोकताळा मांडला: वसंताला एक अक्षांश उत्तरेला सरकायला चार दिवस लागतात, आणि डोंगरावर चारशे फूट चढायलाही चारच. म्हणजे शंभर फुटांना एक दिवस. सपाटीवर हाच वेग दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर पडतो. जॉर्जियातून पाठीवर सॅक घेऊन निघालेला नवखा माणूस सुरुवातीला पंधरा-वीस किलोमीटरच कापतो. वसंत मागून येऊन त्याला गाठतो नि पुढे निघून जातो.

*

हा ठोकताळा स्मोकी पर्वतात लावून पाहावा. फाँटाना धरण सुमारे १,७०० फुटांवर, कुवोही शिखर ६,६४३ फुटांवर. (२०२४ पर्यंत नकाशात क्लिंगमन्स डोम होतं, चेरोकींचं मूळ नाव परत आलं, बरं झालं.) फरक जवळजवळ पाच हजार फुटांचा, म्हणजे पन्नास दिवसांचा. चालायचं अंतरही पन्नासेक किलोमीटर. एप्रिलच्या आरंभी धरणाकाठून निघालेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी माथ्यावर फेब्रुवारीच्या मध्यात पोचतो. ‘स्मोकीत अवचित बर्फ लागलं’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. अवचित कसलं?

*

पडलेल्या बर्फापेक्षा तुडवलेलं बर्फ त्रास देतं. शेकडो बुटांखाली दाबून ते घट्ट होतं आणि सर्वांत शेवटी वितळतं. आजूबाजूचं ओसरतं, वाटेवर मात्र निसरड्या बर्फाचा वीतभर रुंद कणा उरतो. रोडोडेंड्रॉनच्या दाट सावलीत आणि उत्तरेच्या उतारांवर तो जास्त टिकतो. त्याच्यावर पाय ठरत नाही आणि शेजारी टाकला तर मऊ बर्फात मांडीपर्यंत जातो. बुटांना चढवायचे छोटे खिळे इथेच कामी येतात. पहाटे चिखलातून बर्फाच्या सुया उगवलेल्या असतात, त्यावरून करकर आवाज करत मजेत चालता येतं. दहा वाजले की त्यांचा पुन्हा चिखल.

*

आपल्याकडच्या ट्रेकरला एक सवय इथे घातक ठरते. सह्याद्रीत आषाढात दिवसभर भिजून चालतो, हसतो, खाली येऊन चहा घेतो. तो पाऊस कोमट असतो. तीन अंशांतला पाऊस कोरड्या बर्फापेक्षा वाईट, कारण बर्फ झटकता येतं, पाणी आत मुरतं. सुती बनियन घरीच ठेवावा.

*

पाण्याची गाळणी रात्री झोपायच्या पिशवीत घ्यावी. आतल्या पोकळ तंतूंमधलं पाणी गोठलं की ते तडकतात. बाहेरून काही दिसत नाही.

*

वाटेवरच्या निवाऱ्यांत वसंतात जुलाब-उलट्यांची साथ येते. नोरोव्हायरस. हाताला चोळायच्या जेलनं तो नीटसा मरत नाही. साबण आणि पाणीच हवं. ओढ्यापासून दूर जाऊन हात धुवावेत.

*

झाडांना पालवी फुटायच्या आत जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ट्रिलियम, ब्लडरूट ही रानफुलं फुलून घेतात. वर छत मिटलं की त्यांचा हंगाम संपला. ट्रिलियमचं बी मुंग्या वाहून नेतात. त्याच उन्हानं चालणाऱ्याची मान भाजते. झाडी आहे म्हणून टोपी न आणणारे बरेच भेटतात.

*

आणि त्याच उन्हानं पाचोळा वाळतो. वसंतातला वणवा आपल्याला नवा नाही, इथेही हाच त्याचा मोसम. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळानं नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीत अमाप झाडं आडवी केली. पुढच्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वणव्यांना तेच सरपण मिळालं. त्याच वादळात अर्विनजवळ नोलिचकी नदीवरच्या ज्या पुलावरून ट्रेल जायची, तो पूल वाहून गेला. जुनं गाइडबुक अशा वेळी गोष्टीचं पुस्तक म्हणून वाचावं.

*

निघावं कधी? अर्ल शॅफर १९४८ मध्ये ४ एप्रिलला निघाला. ही सबंध वाट एका दमात चालल्याची पहिली नोंद त्याची. सदुसष्ट वर्षांच्या एमा गेटवुड आजी १९५५ मध्ये मे महिन्यात निघाल्या, कॅनव्हासचे बूट घालून, तंबूशिवाय. मार्चच्या एक तारखेचा हट्ट धरणाऱ्यांपेक्षा मला आजी शहाण्या वाटतात. एप्रिलचा दुसरा आठवडा बरा. जाड झोपपिशवी मात्र व्हर्जिनियातला माउंट रॉजर्सचा पट्टा मागे पडल्याशिवाय पोस्टानं घरी पाठवू नये.

*

व्हर्मॉंटमध्ये मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत उंचावरच्या वाटांवर येऊच नका, अशी ग्रीन माउंटन क्लबची विनंती असते. वितळत्या बर्फानं माती लोण्यासारखी होते, आणि बूट वाचवायला लोक कडेनं जातात तशी वाट रुंदावत जाते. चिखल लागलाच तर मधोमध तुडवत जावं. जॉर्जियातून निघालेल्याला हा नियम आड येत नाही, त्याला व्हर्मॉंट भर उन्हाळ्यात लागतं. आड आला असता तो उत्तरेकडून दक्षिणेला येऊ पाहणाऱ्याला, पण त्याची सुरुवातच मेनमधल्या कटाडिन शिखरावरून. ते बहुधा मेअखेरीच्या आत उघडत नाही.