गिटार चार्जिंगला लावलीय!

"अरे, आहेस कुठे? सगळे खोळंबलेत!"

शनिवार संध्याकाळ. फोनवर आमचा ड्रमर. बाकीचा बँड कोथरूडच्या प्रॅक्टिस रूममध्ये (म्हणजे बेसिस्टच्या काकांच्या रिकाम्या गॅरेजमध्ये) आणि मी घरी, सोफ्यावर. कारण काय सांगणार?

"गिटार चार्जिंगला लावलीय."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग जो हशा पिकला, तो आजतागायत थांबलेला नाही.

झालं होतं असं, की बोनस हातात पडल्या पडल्या मी स्वतःच स्वतःला ट्यून करणारी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. सेकंडहँड. कंपनीचं नाव नको, कारण दोष तिचा नाही. चार्ज करायला मीच विसरलो. बरं, बॅटरी उतरली तरी तिचे कान हातानं पिळता येतात. मी पिळूनही बघितले. आणि लक्षात आलं, की मला जमतच नाहीये. पाचव्या फ्रेटवर बोट ठेवून पुढची तार जुळवायची, हा पहिल्या महिन्यातला धडा. आठ महिन्यांत कान पार आळशी झाले होते. ही गोष्ट ड्रमरला सांगितली नाही. चार्जिंगची थट्टा परवडली.

तसे गिटारवाले या बाबतीत भलतेच कर्मठ. २००७ च्या डिसेंबरमध्ये गिब्सननं लेस पॉल रोबोट गिटार आणली. तंत्रज्ञान जर्मनीच्या ट्रॉनिकल कंपनीचं. तारा छेडल्या, की आतलं सर्किट प्रत्येक तारेचा सूर मोजणार आणि छोट्या मोटर्स ट्यूनिंग की फिरवणार. कौतुक खूप झालं. पण २०१५ च्या मॉडेल्सपासून अशी यंत्रणा अमेरिकेत बनणाऱ्या बहुतेक सगळ्या गिटार्सवर सरसकट बसवली, वर नेक रुंद केली आणि किमतीही चढवल्या, तेव्हा लोक खवळले. कित्येकांनी कोऱ्या गिटारवरचं यंत्र उचकटून साध्या की बसवल्या. पुढच्याच वर्षाच्या मॉडेल्समध्ये 'ट्रॅडिशनल' हा वेगळा पर्याय द्यावा लागला. फायरबर्ड एक्स नावाच्या त्यांच्या अतिहायटेक गिटारचं तर विचारूच नका. २०१९ मध्ये एक व्हिडिओ फिरत होता. शेकडो फायरबर्ड एक्स जमिनीवर मांडलेल्या आणि त्यांच्यावरून एक अवजड यंत्र चाललेलं. कंपनीचं म्हणणं, त्या सदोष आणि धोकादायक होत्या. असतीलही. पण बघताना पोटात कालवलं खरं.

आता यात दांभिकपणा किती बघा. १९५० साली लिओ फेंडरनं सपाट फळीला स्क्रूनं नेक जोडलेली गिटार आणली, तेव्हा तिला होडीचं वल्हं, बर्फ उपसायचं फावडं म्हणून हिणवलं गेलं. तीच आजची टेलिकास्टर, परंपरेची मूर्ती! १९५८ ची फ्लाइंग व्ही तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. आज ती मिळवायला संग्राहक फ्लॅटची किंमत मोजतात. आणि हेच कर्मठ लोक पायाखाली डिजिटल पेडल्सची रांग मांडतात, अँपऐवजी त्याची नक्कल करणारा डबा घेऊन स्टेजवर जातात. गिटारच्या बाहेर काहीही चालतं. गिटारच्या आत मात्र चिप नको!

का? मला वाटतं, उत्तर माझ्याच ऑफिसात आहे. मी सॉफ्टवेअरवाला. 'अमुक तारखेपासून या व्हर्जनला सपोर्ट मिळणार नाही' असे मेल क्लायंटला कोण लिहितं? मीच. म्हणजे चिपचं आयुष्य किती, हे मला बाहेरच्यापेक्षा जरा जास्तच ठाऊक. साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये असतं काय? लोहचुंबक, त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, दोन-चार पॉट, एक कपॅसिटर. तिची केबल खुपसायचा जॅक तर टेलिफोन एक्स्चेंजमधला, एकोणिसाव्या शतकातला. माझ्या जुन्या गिटारचा व्हॉल्यूम खरखरायला लागला, तेव्हा तपकीर गल्लीतल्या एका काकांनी दहा मिनिटांत नवा पॉट डकवून दिला होता. त्यांनी आयुष्यात गिटार उघडली नव्हती. "रेडिओच आहे की हा," म्हणाले. माझ्या नव्या गिटारचं सर्किट गेलं, तर तपकीर गल्ली काय करणार?

एवढं सगळं पटल्यावर मी ती विकायला काढली. त्याआधी म्हटलं, सरांना दाखवून येऊ. सर कॅम्पात राहतात. मूळचे गोव्याचे, हॉटेलच्या बँडमध्ये वाजवण्यात उमेद गेली. त्यांच्या क्लासमध्ये पहिली वीस मिनिटं नुसतं ट्यूनिंग. जुळवून झालं, की ते गिटार हातात घ्यायचे, सहाही तारा उतरवायचे आणि हसत परत द्यायचे. "अगेन, मॅन!" म्हटलं, आता चांगली तासंपट्टी होणार.

त्यांची गिटार भिंतीवर होती. सहज हात फिरवला, तर पार बेसूर. सरांची? मी बघतच राहिलो.

"संधिवात," ते डावा अंगठा दाखवत म्हणाले. "कॉर्ड येतो थोडा थोडा. पण की पिळताना जीव जातो. बेसूर मी वाजवणार नाही. म्हणून वाजवतच नाही."

मी काही न बोलता माझी गिटार त्यांच्या मांडीवर दिली, बटण दाबलं. त्यांनी तारांवरून अंगठा फिरवला. मोटर्स कुरकुरल्या, की आपापल्या फिरल्या. सर कान लावून ऐकत होते. मग बी तारेवर थांबले, कपाळाला आठी. "थोडी फ्लॅट आहे." पुन्हा बटण, पुन्हा तारा. आता मान हलली. तासभर वाजवत होते. जुनी गाणी, सावकाश, मध्ये मध्ये थांबून. मी चहा दोनदा गरम केला.

ग्राहकाला फोन करून सांगितलं, गिटार गेली.

हल्ली रोज रात्री जुन्या गिटारच्या सहाही तारा उतरवून पुन्हा जुळवतो. जी आणि बीपाशी अजून घोळ होतो. परवा तेच चाललेलं असताना सरांचा फोन आला. आवाजात चक्क चिडचिड.

"काय रे, चार्जर कोण देणार?"