एका शब्दाला एकच अर्थ

माझा धाकटा भाऊ विमानांचा डॉक्टर व्हायला गेला आहे, असं आई हळर्णात सगळ्यांना सांगते. गावात ते पटकन समजतं. खरं म्हणजे तो महाराष्ट्रातल्या एका संस्थेत विमान देखभालीचा अभ्यासक्रम करतोय, त्यातही एव्हिऑनिक्स. डीजीसीएच्या परवान्यात या शाखेला बी-२ म्हणतात. बी-१ वाले इंजिन आणि विमानाचा सांगाडा बघतात. बी-२ वाल्यांकडे रेडिओ, रडार, ऑटोपायलट, कॉकपिटमधले पडदे. थोडक्यात, विमानाचे डोळे, कान आणि नसा.

५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमानं उडू लागली, तेव्हा तो अकरावीत होता. पेडण्यातल्या प्रत्येक घरात तेव्हा एकच विषय होता: आमच्या पोरांना तिथे काय मिळणार? कुणी म्हणे टॅक्सी, कुणी म्हणे सिक्युरिटी, कुणी म्हणे ट्रॉल्या गोळा करायचं काम. माझा भाऊ म्हणाला, "मला विमानावर सही करायचीय." दुरुस्तीनंतर परवानाधारक इंजिनीयर प्रमाणपत्रावर सही करतो, तेव्हाच विमान पुन्हा उडायला मोकळं होतं. त्याला ती सही हवी होती. आईने लग्नातली साखळी बँकेत ठेवली आणि तो गेला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला. एका मॉड्यूलमध्ये ७२ टक्के. बारावीला ७२ मिळाले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. इथे पास व्हायला ७५ लागतात. गंमत म्हणजे डायोड, ट्रान्झिस्टर, लॉजिक गेट्स यांत तो अडला नव्हता. अडला तो मॉड्यूल ९ मध्ये, म्हणजे 'मानवी घटक'. माणूस चुका का करतो, थकवा, घाई, अर्धवट निरोप, 'चलता है' ही वृत्ती, हे सगळं त्यात असतं. निव्वळ वाचायचा विषय.

"बाय, मी परत येतो," तो म्हणाला. "मोपाला मिळेल काहीतरी."

नाताळात तो घरी आला तेव्हा मी त्याची पुस्तकं उघडली. मी साहित्याची विद्यार्थिनी. मला वाटलं होतं आकडे आणि आकृत्या असतील, पण तिथे भाषा होती, आणि अशी भाषा आपण वर्गात कधी पाहत नाही. विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाची वेगळी इंग्रजी आहे. तिची पहिली मार्गदर्शिका १९८६ ला युरोपात निघाली, कारण पुस्तिका वाचणाऱ्या मेकॅनिकांपैकी कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. साधारण ९०० मान्य शब्द, शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ, आणि कृती सांगणाऱ्या वाक्यात २० पेक्षा जास्त शब्द नाहीत. 'ऑइल' हे फक्त नाम, 'ऑइल करा' असं क्रियापद चालत नाही. 'फॉलो' म्हणजे फक्त 'मागून येणे'. सूचना 'फॉलो' करायच्या नाहीत, 'ओबे' करायच्या.

आपण तीन वर्षं अनेकार्थतेचं कौतुक करतोय. आमच्या गावालाच दोन नावं. आम्ही हळर्ण म्हणतो, पोर्तुगीज आलोर्णा म्हणत, आणि १७४६ मध्ये इथला किल्ला जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे पदवीही 'आलोर्णाचा मार्क्विस' अशीच मिळाली. एकाच जागेची दोन नावं कवितेला चालतात. विमानाच्या बोल्टला नाही चालत.

हे का, ते त्यानेच मला सांगितलं. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. सुमारे १७ हजार फुटांवर कॉकपिटची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. ही काच नुकतीच बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जेमतेम ०.६६ मिलिमीटरने बारीक निघाले. ते निवडणाऱ्याने सुट्या भागांची यादी पाहिली नव्हती, जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवलं होतं.

बाबा शेजारीच बसून ऐकत होते. काजूच्या मोसमात ते भट्टीवर फेणीचे नुसते बुडबुडे बघून किती ग्राव ते सांगतात. "माझं बहुधा बरोबर असतं," ते म्हणाले.

"विमानात 'बहुधा' चालत नाही बाबा," भाऊ म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणूनच ७५."

त्या वेळी मला वाटलं, हा परत येणार नाही.

मग आम्ही अभ्यासाला बसलो. विषय त्याला कळत होता, प्रश्न निसटत होता. पर्यायांच्या प्रश्नात एखादा 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' लपलेला असतो. प्राथमिक शाळा मराठीतून झालेली, त्यामुळे तो वाक्याच्या शेवटी क्रियापद शोधायचा. इंग्रजीत ते मधेच येऊन गेलेलं असतं. मी नियम केला: आधी क्रियापद शोध, मग नकार शोध, मगच पर्याय वाच. रात्री तेर्स झाला की रोज चाळीस प्रश्न.

बदल्यात त्याने मला एआरआयएनसी ४२९ शिकवलं. प्रवासी विमानांतली यंत्रं एकमेकांशी या पद्धतीने बोलतात. त्यातल्या संदेशाला 'वर्ड'च म्हणतात, आणि प्रत्येक शब्द बरोबर ३२ बिटांचा. पहिल्या आठ बिटांत लेबल: हा शब्द उंचीबद्दल आहे की वेगाबद्दल. मग माहिती. शेवटचा बिट पॅरिटीचा. शब्दातल्या सगळ्या एकांची बेरीज विषम यावी म्हणून तो ठेवलेला असतो. वाटेत एखादा बिट बदलला तर बेरीज सम होते आणि ऐकणारं यंत्र तो शब्द घेत नाही. स्वतःच्या खरेपणाची खूण सोबत घेऊन फिरणारा शब्द! हे मला कुठल्याच समीक्षेच्या पुस्तकात भेटलं नव्हतं. आपण बोलतो, फॉरवर्ड करतो, त्या शब्दांना असा एक बिट असता तर किती शब्द पोचले असते?

जाताना आईने त्याच्या बॅगेत कुपर्तीनोच्या संत जोसेफचं चित्र ठेवलं. हा संत विमानवाल्यांचा रक्षक आणि परीक्षा देणाऱ्यांचाही. एका चित्रात दोन कामं झाली म्हणून आई खूश.

फेरपरीक्षा झाली. फोनवर मी विचारलं, "कशी गेली?" तो बहुधा म्हणाला नाही, नक्की पण म्हणाला नाही. म्हणाला, "प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला."

निकाल पुढच्या महिन्यात आहे. साखळी अजून बँकेतच आहे.