आठवडाभर एकच पूल

5 जानेवारी, सोमवार
बीजीएमआय या मोबाइल गेमच्या टीमसाठी या आठवड्याचा विषय एकच: एरँगल नकाशावर मिलिटरी बेसमधून बाहेर पडणं. बेट दक्षिणेला, गाडीनं यायला दोनच पूल, आणि झोन उत्तरेला सरकला की पुलावर कुणीतरी टपून बसलेलं असतं. लूट चांगली, म्हणून पोरांचा तिथून पाय निघत नाही. निघायचा कॉल कधी झाला आणि गाड्या तेव्हा कुठे होत्या, एवढंच लिहून ठेवायचं. किल मोजायचे नाहीत.

6 जानेवारी, मंगळवार
सरावाची लॉबी भरलेली: 16 टीम, 64 खेळाडू. झोन बेटाकडेच आला, पूल ओलांडावाच लागला नाही. चिकन डिनर मिळालं, पोरं खूश. आपल्या विषयापुरती ही मॅच रिकामीच गेली. काउंटर-स्ट्राइकमध्ये तोच नकाशा, तीच बाजू घेऊन तोच डाव पुन्हा लावून बघता येतो. इथे विमानाचा मार्ग आणि झोन दर मॅचला बदलतात. म्हणून निकालापेक्षा निर्णय तपासायचे.

8 जानेवारी, गुरुवार
स्क्रिम, म्हणजे सराव मॅच, कमी केल्या, रेकॉर्डिंग बघायला वेळ दिला. आयजीएलनं, म्हणजे मॅचमध्ये कॉल देणाऱ्या खेळाडूनं, "निघा" वेळेवर म्हटलं होतं, पण चौघेही एकदम बोलत असल्यानं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. नवा नियम: झोन दिसला की आधी फक्त आयजीएल बोलणार.
संध्याकाळी होडीचा प्रयोग केला. पुलावरची टीम टळली, पण पलीकडे किनाऱ्यावर गाडी नव्हती आणि उघड्या रानात चौघेही गेले. पोरं हिरमुसली. मला मात्र हीच आठवड्यातली सगळ्यात कामाची मॅच वाटते. स्पर्धेत पहिल्या क्रमांकाला 10 गुण आणि प्रत्येक किलला 1. तिथे असलं काही करून बघायला जागा नसते. उद्या पुन्हा होडीच, फक्त उतरायची जागा गाड्या सापडतात तिथली.

11 जानेवारी, रविवार
या लॉबीत पणाला काहीच नसल्यानं बऱ्याच टीम सुरुवातीलाच भिडतात आणि संपतात. शेवटच्या झोनमध्ये जेमतेम तीन-चार उरतात. स्पर्धेत सगळे जपून खेळतात, शेवटी दाटी होते, आणि त्या दाटीत जागा धरणं इथे शिकताच येत नाही. लॉबीतल्या टीमची नावं मोठी आहेत, पण सराव खोटा आहे. सोमवारपासून दुसऱ्या लॉबीत स्लॉट घेतलाय.